दात टेकावेत ते जेवणापुरते

मी दंतवैद्य. परीक्षा जवळ आल्या की पुण्यातल्या वसतिगृहांतली, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलंमुली कान, दाढ, कानशील दुखतं म्हणून येतात. पुष्कळांचं दुखणं कानापुढच्या जबड्याच्या सांध्यात आणि चावण्याच्या स्नायूंत असतं. केसपेपरवर आम्ही ‘टीएमडी’ लिहितो. २० ते ४० या वयात हा त्रास जास्त, त्यातही मुलींना अधिक. या मुलांनी मला जे शिकवलं, ते असं:

१. दाढ निर्दोष निघाली म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. गालाचा स्नायू दाबल्यावर ‘हेच, हेच दुखतं’ असं मुलगी म्हणाली, की निदानाचा रस्ता सापडतो.

२. रात्री दात खाण्याची चौकशी सगळे करतात. दिवसा दात आवळण्याची कुणी करत नाही. वाचताना, मोबाईल बघताना दात एकमेकांवर गच्च बसलेले असतात. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ अलगद टाळूला, ही जबड्याची विश्रांती. वहीच्या कडेला ठिपके काढा; ठिपका दिसला की दात सोडा.

३. तोंड उघडताना नुसता खटका वाजतो, पण दुखत नाही आणि जबडा अडकत नाही, तर उपचारांची गरज नसते. मुद्दाम वाजवून मात्र पाहू नका.

४. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात मावायला हवीत. मावत नसतील तर तपासून घ्या. सुपारी-गुटख्याची सवय असेल आणि तिखटाने तोंडाची आग होत असेल, तर एक दिवसही थांबू नका. तो कर्करोगाकडे नेऊ शकणारा वेगळा आजार असू शकतो.

५. आधी साधे उपाय. वरणभात, खिचडी खा; चिक्की, ऊस, च्युइंगगम बंद. ओल्या गरम फडक्याने शेका. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. बहुतेकांना यानेच उतार पडतो.

६. दात यंत्राने झिजवून चावा, म्हणजे वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, ‘जुळवून’ घेण्याची घाई करू नका. १९३४ साली अमेरिकेतल्या जेम्स कॉस्टेन या डॉक्टरांनी या दुखण्याचं खापर चाव्यावर फोडलं आणि तो समज अनेक दशकं टिकला. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांचा भर मात्र जबड्याचे व्यायाम आणि मानसोपचार यांवर आहे. झिजवलेला दात परत वाढत नाही.

७. झोप आणि काळजी यांबद्दल मी आता दातांइतकंच विचारतो. ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणून कुणाचा जबडा सैल पडत नाही. समुपदेशकाकडे पाठवलं म्हणजे दुखणं मनाचे खेळ ठरवलं, असं मुलांना वाटू देऊ नये. ताणाने स्नायू आखडतात, झोप मोडली की वेदना जास्त जाणवते. म्हणून जबडा आणि मन दोन्हींवर उपचार हवेत. आईवडिलांनी आणि शिक्षकांनी आधी एवढंच करावं: मूल दुखतंय म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.