सुबत्तेतले कर्ज

चि. नंदूस,


तुझ्या पगारवाढीचे वर्तमान तुझ्या आईने कळवले, आणि त्याबरोबरच तू मोटार घेण्याचे योजिले असून हप्त्यांच्या कागदांवर महिनाअखेरीस सही करणार आहेस, हेही कळले. तुझ्या उत्कर्षाचा मला मनापासून आनंद आहे; परंतु माणसाची ऐपत वाढते त्याच सुमारास त्याच्या पायांत बेडी पडण्याचा संभव सर्वांत अधिक असतो, अशी माझी आयुष्यभराच्या अवलोकनातून धारणा झाली असल्यामुळे, सही होण्यापूर्वी तुला लिहिणे मी कर्तव्य समजतो.

कर्ज दारिद्र्यामुळे होते असा सर्वसाधारण समज आहे, आणि दुष्काळ, आजारपण यांच्यापुरता तो खराही आहे. पण आपल्या मुलखाचा इतिहास पाहिला तर पुष्कळ कर्जे सुबत्तेच्या दिवसांत फुगलेली आढळतात. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, इकडच्या कापसाचा भाव अतोनात चढला, आणि त्या भरवशावर सावकारांनी दख्खनच्या रयतेला सढळ हाताने रकमा दिल्या व रयतेने त्या घेतल्या. युद्ध संपले, भाव कोसळले, १८६७ पासूनच्या फेरआकारणीत सरकारने साराही वाढवला. उत्पन्न ओसरले, खतावरचा आकडा मात्र व्याजासह चढत राहिला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात लोक सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. हाती लागतील ते कागद त्यांनी जाळले. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला खरा, पण तोवर कित्येकांच्या जमिनी सावकारांच्या नावे चढून गेल्या होत्या. या प्रकरणी सावकारांचा लोभ आणि सरकारची बेफिकिरी यांचा दोष फार मोठा आहे, आणि त्या गांजलेल्या रयतेला बोल लावण्याचे माझ्या मनातही नाही. चांगल्या वर्षाच्या उत्पन्नावर बेतलेला करार वाईट वर्षीही तसाच अंमलात राहतो, एवढेच तुझ्या ध्यानी यावे म्हणून हे लिहिले.

आता तुझ्या आजोबांविषयी. कचेरीतली कारकुनी सोडून वडिलोपार्जित कातळावर हापूसची कलमे लावावी, ही त्यांची तरुणपणापासूनची मनीषा होती. पण कलम लावल्यानंतर पहिली काही वर्षे हाती फारसे लागत नाही, म्हणून तेवढी वर्षे घर चालेल इतकी शिल्लक टपाल कचेरीच्या बचत खात्यात पडेपर्यंत त्यांनी राजीनाम्याचा अर्ज लिहिला नाही. त्यांची रोजकीर्द माझ्यापाशी आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि पगाराच्या तारखेला खर्चाच्या बाजूस पहिली नोंद नेहमी एकच, 'टपाल खाती'. किराणा, दूध, तुझ्या आईच्या शाळेची फी ही सारी तिच्याखाली. एका पानाच्या तळाशी 'चार आण्यांचा हिशेब लागत नाही' असे त्यांनी लिहून ठेवले आहे, आणि तीन दिवसांनी त्याच शाईत 'लागला, न्हाव्यास दिले.' पुढे बाग धरू लागली. त्या भागातले पुष्कळ बागायतदार मोहोर येण्याआधीच खतासाठी वा लग्नकार्यासाठी मुंबईच्या दलालाकडून उचल घेत, मग पेट्या त्याच दलालाकडे, त्याने लावलेल्या भावाने जात, आणि पट्टीत आडत, हमाली, व्याज वजा होऊन उरेल ते पदरात पडे. आजोबांनी उचल कधी घेतली नाही. भाव पटला नाही तर पेटी दुसऱ्या गाळ्यावर पाठवण्याची मुभा त्यांना राहिली, आणि ती मुभा त्यांच्या बोलण्याचालण्यात दिसे.

मोटार घेऊच नकोस असे माझे म्हणणे नाही. वाढीव पगार सहा महिने वेगळ्या खात्यात टाकून पाहा, आणि तेवढ्या काळात घराला काही उणे पडले नाही, तर त्या साठलेल्या रकमेतून जेवढी मोटार येते तेवढी घे. क्रेडिट कार्डाची बाकी मात्र एका महिन्याचीही पुढे ओढू नकोस. दरमहा शेकडा साडेतीन हा दर कागदावर बारीक दिसतो, पण ५०,००० रुपयांची बाकी त्या दराने वर्षभर राहिली तर ती ७५,००० च्या वर जाते, आणि सुप्याच्या सावकारावर रागावणारा सुशिक्षित मनुष्य तो दर मुकाट्याने भरतो, याचे मला अतीव दुःख होते. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेव; त्यानंतर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत दरसाल नेमाने भरणा कर, त्याची पंधरा वर्षांची मुदत तुझ्या वयात लांब वाटते, माझ्या वयातून पाहता ती अगदी बेताची आहे. हिशेब सूनबाईबरोबर बसून लिही, कारण एकट्याने राखलेल्या वहीतून घरात संशय वाढतो. आणि कंजूषपणा करू नकोस. मित्राच्या आजारपणात देता यावे, आईला न सांगता तिचा दवाखाना भागवता यावा, यासाठीच तर शिल्लक हवी. ती नुसती कुरवाळत बसणारा मनुष्यही कर्जदाराइतकाच बांधलेला असतो.

गतवर्षी तू मला म्हणाला होतास की, वर्षभर बिनपगारी रजा घेऊन सह्याद्रीतील किल्ल्यांवरच्या खोदीव टाक्यांची मोजणी करावी आणि त्यांचे नकाशे काढावेत. बोलताना तुझ्या डोळ्यांत जे तेज होते ते मी विसरलेलो नाही, आणि हे सारे पत्र त्या वर्षासाठी आहे. मोटारीच्या हप्त्यांची मुदत तू किती वर्षांची धरली आहेस ते पाहा, आणि तेवढी वर्षे ती रजा तुला मागता येईल काय, याचा शांतपणे विचार कर.

दिवाळीला सूनबाईसह येशील तेव्हा वही घेऊन ये, आपण मिळून ती चाळू. टाक्यांची खोली मोजायची तर पाणी उतरलेले हवे, म्हणून कामाचा आरंभ मार्चच्या सुमारास करणे बरे. राजमाचीपासून निघावे की रायगडापासून, हेही तेव्हाच ठरवू.

तुझा,
मामा