चोक सोडला की आरएक्स १०० बंद का पडते?

चोक ओढलेला असताना गाडी नीट चालणे आणि तो सोडताच आयडलिंगवर बंद पडणे, हे मिश्रण पातळ झाल्याचे लक्षण आहे. १९८५ मध्ये आलेल्या यामाहा आरएक्स १०० च्या मिकुनी कार्बोरेटरमध्ये आयडलिंगचे पेट्रोल पायलट जेटमधून येते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की पेट्रोल उडून जाते आणि मागे उरलेला चिकट थर जेटचे बारीक छिद्र बुजवतो. जेट कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने साफ करावा. त्यात तार घालण्याची गॅरेजमधली सवय घातक आहे. एकदा छिद्र मोठे झाले की नवा जेटच लागतो.

जेट साफ असूनही थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लवकर उतरत नसतील, तर कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधील रबर वाकवून पाहावे. भेगेतून हवा आत जात असल्यास गाडी चालवू नये. टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रणाने पिस्टन जाम होऊ शकतो.

सेटिंग गरम इंजिनावरच करावे. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून साधारण दीड फेरा बाहेर घ्यावा. तिथून थोडा आत-बाहेर फिरवत आरपीएम सर्वांत चढेल तिथे ठेवावा आणि मग थ्रॉटल स्टॉप स्क्रूने आयडलिंग खाली आणावे.