मुलें देवाच्या हातीं

दरवर्षीं जून महिन्यांत आमच्या शाळेच्या बोर्डिंगांत जीं नवीं मुलें दाखल होतात, त्यांचे आईबाप परत निघतांना दाराशीं क्षणभर थांबतात. ट्रंक खाटेखालीं सरकविलेली असते, खर्चाचे पैसे मुलाच्या हातीं दिलेले असतात. करावयाचें कांहींएक उरलेलें नसतें, तरी पाय निघत नाहीं. "गुरुजी, आतां देव आहे आणि तुम्ही आहां," असें म्हणून बाप टोपी सांवरतो व चालूं लागतो. ह्या वाक्यांतील "देव आहे" ह्या दोन शब्दांत काय काय येतें, ह्याचा विचार आज आपण करूं.

प्रथम शेताकडे पाहूं. मुरबाड-शहापूरकडील शेतकरी उन्हाळ्यांत राब भाजतो, त्यांत भात पेरतो, रोप वाढलें म्हणजे चिखल करून आवणी करितो. पाऊस आपल्या हातीं नाहीं म्हणून तो राब भाजावयाचें टाळीत नाहीं. आणि राब उत्तम भाजला म्हणून पावसानें आपली आज्ञा पाळावी असेंही म्हणत नाहीं. मुलांच्या बाबतींत आईबापांचें कर्तव्य असेंच आहे. मुलाला ताप आला तर त्याला दवाखान्यांत न्यावें. साप चावला तर गंडेदोरे व मंत्र ह्यांत घटका न दवडितां सरकारी रुग्णालय गांठावें. प्रार्थना वाटेनेंही करितां येते. जो बाप मुलीची शाळा सोडवितो आणि "देव तिचें बरें करील" असें म्हणतो, तो देवावर भरंवसा ठेवीत नसून आपलें काम देवाच्या माथीं मारीत असतो.

येथवर सर्वांस पटतें. कठीण भाग पुढेंच आहे. आपल्या हातचें सर्व करून झाल्यावर जें उरतें, तें कोणाच्या हातीं आहे?

आमच्या घरची एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा वडील मुलगा नगरास कॉलेजांत होता. श्रावणांतील एका शनिवारीं तो एस. टी. नें घरीं वैशाखऱ्यास यावयाचा होता. त्या दिवशीं माळशेज घाटांत दरड कोसळली व रस्ता बंद झाला. मुलाचा दूरध्वनी लागेना. आम्ही उभयतां रात्रभर दिव्यापाशीं बसून राहिलों. "त्याला सुखरूप आण" हें एकच मागणें आम्हीं किती वेळां केलें असेल! पहांटेच्या सुमारास मुलाची आई म्हणाली, "अहो, आपण रात्रभर देवाला काय करावें तें शिकवीत आहों. तो ह्या मुलाचा आपल्याआधींपासूनचा बाप आहे, हें आपण विसरलों कीं काय?" त्यानंतर आम्हीं वेगळी प्रार्थना केली. ती फार लहान होती. परंतु ती करितांना आमचें हृदय फाटत होतें.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मुलगा चिंब भिजून दारांत उभा राहिला. गाडी घाटमाथ्यावरच थांबविली होती व प्रवाशांनीं रात्र तिच्यांतच काढिली होती.

मुलगा आला, म्हणून ही गोष्ट सांगणें आम्हांस सोपें जातें. परंतु तो आला नसता, तर? देव तोच राहिला असता कीं नाहीं? जो भरंवसा ह्या प्रश्नाला भितो, तो सौदा आहे. ह्या प्रश्नाचें उत्तर ज्या आईनें आपल्या आचरणानें दिलें, ती आपल्या महाराष्ट्रांतच होऊन गेली. तिचें नांव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे आईबाप दुष्काळांत गेले. पति बिपिनबिहारी मेधावी हे इ. स. १८८२ सालीं वारले, तेव्हां त्यांची एकुलती कन्या मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती. इ. स. १८८३ मध्यें ह्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडास गेल्या व तेथेंच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढें इ. स. १८८९ सालीं मुंबईस शारदासदन व नंतर केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. दुष्काळांतून आणिलेल्या शेंकडों अनाथ मुलींना व विधवांना तेथें घर मिळालें. मनोरमेला आईनें परदेशीं शिक्षण दिलें. ती मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली, आईच्या कामांत तिचा उजवा हात झाली. आपल्यामागून हें सर्व काम मनोरमेनेंच चालवावें, अशी रमाबाईंची योजना होती. राब भाजून झाला होता, आवणीही झाली होती.

ता. २४ जुलै १९२१ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मनोरमा वारली.

त्या वेळीं रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या व त्यांची स्वतःची प्रकृति खालावलेली होती. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें काम त्यांनीं अनेक वर्षें चालविलें होतें. ज्या मुलीसाठीं पुढचा सर्व बेत केला होता ती गेल्यावरही त्यांनीं तें काम खालीं ठेविलें नाहीं. त्यांच्या शेवटच्या दिवसांत तें पुरें झालें, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. बेत मोडला, परंतु केडगांवचें काम मोडलें नाहीं. तें दुसऱ्यांच्या हातून पुढें चाललें व आजही चालूं आहे.

मनोरमा कां गेली, ह्याचें उत्तर ह्यांत नाहीं, आणि तें आहे असें शोकांतील आईबापांस कोणीं सांगूंही नये. प्रभूनें लाजराच्या कबरेपाशीं प्रथम अश्रु ढाळिले, हें ध्यानांत ठेवावें.

मग देवाला दिलेल्या मुलाची काळजी सोडावी काय? शास्त्रांतील हन्नेकडे पाहा. तिनें आपला शमुवेल शिलो येथील मंदिरांत देवाला देऊन टाकिला. तथापि दरवर्षीं ती त्याच्यासाठीं एक लहान झगा शिवून नेत असे. मूल दरवर्षीं वाढतें, म्हणून माप दरवर्षीं नवें. देवाला दिलेल्या मुलासाठींही आईची सुई थांबली नाहीं; आणि झगा शिवून झाल्यावर मूल तेथेंच ठेवून ती घरीं परत आली. आमच्या बोर्डिंगच्या दाराशीं जे आईबाप थांबतात, त्यांनीं हा झगा आठवावा.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही एक शब्द. आईबापांनीं तुम्हांस देवाच्या हातीं सोंपविलें आहे, ह्याचा अर्थ तुम्ही मोकळे सुटलां असा नाहीं. घाटापलीकडून एक पत्र, एक निरोप, वेळेवर पाठवीत जा. ज्यांनीं तुमच्यासाठीं रात्र जागून काढिली, त्यांना एवढें देणें तुमच्या हातीं आहे.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

१. आपल्या मुलासंबंधीं आपण कोणता बेत केला आहे? तो मोडला तर आपली प्रार्थना थांबेल काय?
२. "देव करील" असें म्हणून आपण स्वतःचें कोणतें काम टाळीत आहों?
३. ह्या वर्षीं आपला झगा कोणता?