खोटी साक्ष : एका आज्ञेचा शब्दार्थ आणि न्यायार्थ

बायबलमधील दहा आज्ञांपैकी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करणारी आज्ञा ‘निर्गम’ (२०:१६) आणि ‘अनुवाद’ (५:२०) या दोन ग्रंथांत आली आहे. यहुदी व बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरांत ती नववी, तर कॅथलिक व लूथरन गणनेत आठवी मानली जाते. ‘असत्य बोलू नये’ या सर्वसामान्य नीतिनियमाचेच ते एक रूप होय, अशी समजूत रूढ आहे. मूळ हिब्रू शब्दयोजना मात्र या समजुतीस मर्यादा घालते.

मूळ वाक्यातील क्रियापदाचा अर्थ ‘उत्तर देणे’ असा आहे. आणि ‘एद’ हा शब्द साक्षीचा नव्हे, तर साक्षीदाराचा वाचक आहे. म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटा साक्षीदार होऊन उत्तर देण्यास येथे मनाई केलेली आहे. उत्तर म्हटले की विचारणारा आला. आणि विचारणारे म्हणजे नगराच्या वेशीत न्यायास बसलेले वडीलजन. ‘साक्ष देणे’ या मराठी प्रयोगात आशय उतरतो, परंतु प्रश्नोत्तराचे हे चित्र लोपते. शिवाय ‘निर्गम’मध्ये ‘शेकेर’ (असत्य) हा शब्द आहे, तर ‘अनुवाद’मध्ये ‘शाव’ (पोकळ, व्यर्थ). देवाचे नाव व्यर्थ घेण्यास मनाई करणाऱ्या आज्ञेतही हाच दुसरा शब्द आढळतो. त्यामुळे उघड असत्याबरोबरच निराधार साक्षही निषेधाच्या कक्षेत येते.

त्या समाजात गुन्ह्याचा तपास करणारी स्वतंत्र यंत्रणा नव्हती. निर्णयाचा मुख्य आधार साक्षीदाराचा शब्द हाच होता. म्हणूनच ‘अनुवाद’मध्ये तीन बंधने घातलेली दिसतात : एकाच्याच साक्षीवरून देहान्त शिक्षा देऊ नये, पहिला धोंडा साक्षीदारानेच टाकावा, आणि खोट्या साक्षीदाराने दुसऱ्यावर जे आणू पाहिले, तेच त्याच्या पदरी घालावे.

ही बंधने किती दुबळी ठरू शकतात, हे ‘१ राजे’मधील नाबोथाच्या कथेवरून (अध्याय २१) दिसून येते. वडिलोपार्जित द्राक्षमळा देण्यास नाबोथ नकार देतो. तेव्हा ईजबेल राणी अहाब राजाच्या नावाने व मुद्रेने पत्रे धाडते. उपवास जाहीर होतो, सभा भरते, आणि देवाची व राजाची निंदा केल्याचा आरोप दोन नीच माणसे नाबोथावर करतात. साक्षीदार दोन आहेत, वडीलजन उपस्थित आहेत. विधीत उणे काही नाही. तरीही निरपराध माणूस धोंडमार होऊन मरतो. विधी पाळूनच न्यायाचा वध होतो, हे या कथेचे मर्म होय.

दानीएलाच्या ग्रीक पाठातील सुसान्नेची कथा या उणिवेवर उपाय सुचवते. तीत दानीएल दोन्ही वृद्धांना वेगवेगळे करून, कोणत्या झाडाखाली पाहिले, एवढेच विचारतो. उत्तरे जुळत नाहीत आणि असत्य उघडे पडते. साक्षीदारांची संख्या मोजणे पुरेसे नाही. त्यांची उलटतपासणीही हवी.

भारतीय अभ्यासकास येथे मनुस्मृतीचा आठवा अध्याय आठवेल. खोट्या साक्षीस घोर पाप ठरवणारा तो अध्यायच, सत्यकथनाने वध ओढवत असेल तेथे असत्याची मुभा देतो (८.१०४). बायबलमधील आज्ञेत असा अपवाद सांगितलेला नाही. परंतु ‘शेजाऱ्याविरुद्ध’ या शब्दाने तिचा रोख स्पष्ट होतो. दोन्ही ग्रंथांपुढे प्रश्न आहे तो एका माणसाच्या शब्दावर टांगलेल्या दुसऱ्याच्या प्राणाचा.