निळ्या पाण्यात निळी चड्डी नको

लखनौच्या चौकातल्या सराफ्यात खानापूर, आटपाडीकडच्या आपल्या गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, बरीच घरं आहेत. मे महिन्यात इथं लू सुटते, पारा 42-43च्या घरात जातो आणि पोरं पोहायला जायचा हट्ट धरतात. जाऊ द्या. पोहता यायलाच हवं. फक्त गावाकडचा हिशेब इथं लावू नका, एवढंच सांगायला बसले आहे.

गावी आपण विहिरीत शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा, कमरेला दोर आणि दोराचं टोक काकाच्या मुठीत. पाणी काळं, खोल. बघूनच पोटात गोळा यायचा, म्हणून काठावरच्या कुणाची नजर हलत नसे. इथं पाणी निळं, तळाच्या फरशा दिसतात, शिट्टीवाला जीवरक्षक उभा असतो. आपण निवांत होतो आणि मोबाइल काढतो.

बुडणारं मूल ओरडत नाही. सिनेमातल्यासारखे हातही हलवत नाही. मान मागं पडते, तोंड पाण्याच्या वरखाली होत राहतं, हात नुसते पाणी दाबतात. श्वासच पुरत नाही तिथं हाक कुठून मारणार? लांबून बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय. आणि एखाद्या मिनिटात ते खाली जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, त्यातला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. म्हणून लहान मूल हाताच्या अंतरावर हवं, म्हणजे आपणही पाण्यात. दंडात घालायचे फुगे हे खेळणं आहे, निसटतात.

मागच्या उन्हाळ्यात भाचीला मी हौसेनं आकाशी पोशाख आणला. पोरीनं जरा बुडी मारली की दिसायचीच बंद. वेणीची लाल रिबीन तेवढी हलताना दिसे. दुसऱ्याच दिवशी भडक केशरी आणला. दुकानदार हसला. हसू दे.

आता वासाचं. तलावावर उग्र वास आला की आपण म्हणतो, क्लोरीन भरपूर आहे, पाणी चोख असणार. उलट आहे. तो झोंबणारा वास क्लोरामीनचा. क्लोरीन घामाला आणि लघवीला भिडलं की तो तयार होतो आणि डोळे चुरचुरतात तेही बहुतेक त्यानंच. पाण्यात लिटरला निदान 1 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं, पीएच 7 ते 7.8 हवा. फलकावर आकडे नसतील तर विचारा. एका ठिकाणी मी विचारलं, तर "आज तक किसी ने पूछा नहीं," असं उत्तर मिळालं. आपल्याकडून एवढं करा: उतरण्याआधी मुलांना लघवीला पाठवा, साबण लावून अंघोळ घाला. आणि पोट बिघडलेलं मूल घरीच ठेवा. जुलाबाचा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभर तग धरतो. "फी भरलीय" हे कारण होऊ शकत नाही.

कानातलं पाणी मान कलती करून काढा, टॉवेलनं टिपा. काडी घालू नका. कानाची पाळी ओढल्यावर दुखत असेल तर डॉक्टरला दाखवा.

आणि एक, देव करो कधी लागू नये. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगू नका, गरगरा फिरवू नका, पोट दाबू नका. गावी हे होताना आपण पाहिलंय. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. श्वास चालत नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीवर दाब, पुन्हा श्वास. तोवर दुसऱ्यानं 108 लावायचा. मूल शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

आणि दादांनो, हे एकट्या बायकांचं काम नाही. भट्टीसमोर बसलात की मुशीवरची नजर तुम्ही हलू देत नाही, कुणी हाक मारली तरी. सुट्टीच्या सकाळी तीच नजर घेऊन तलावाच्या काठावर बसा. मोबाइल घरी ठेवून या.