फोन एक नव्हे, दोन

परदेशात नव्याने येणाऱ्याला फोनविषयी जे सल्ले मिळतात, ते त्याच्या हातातल्या फोनपुरतेच असतात: नकाशा आधीच उतरवून ठेवा, बसचं ॲप घ्या, पाट्यांचं भाषांतर कॅमेऱ्याने करा. हे पहिल्या पंधरवड्यात ज्याचं तो शिकतो. जुन्या कुटुंबांचा भर वेगळ्याच गोष्टीवर असतो. नगर जिल्ह्यातून (२०२४पासून कागदोपत्री अहिल्यानगर) गेलेल्या माणसाचा फोन जोडीतला एक असतो. दुसरा पारनेरला किंवा नेवाशाला, आई-वडिलांच्या हातात. दोन्हीकडे सवयी लागल्या नाहीत, तर महागातला महाग फोनही अर्धाच उपयोगाचा.

पहिली गोष्ट नंबराची. भारतातला नंबर आज बोलायला कमी आणि ओळख पटवायला जास्त लागतो; बँक, आधार, डिजिलॉकर, सगळ्यांचे ओटीपी त्यावरच. ट्रायच्या नियमांनुसार कॉल, पाठवलेला मेसेज, डेटा यांपैकी काहीच सलग ९० दिवस झालं नाही, तर नंबर बंद होऊ शकतो. प्रीपेडमध्ये किमान २० रुपये शिल्लक असतील, तर तेवढे कापून ३० दिवसांची मुदत मिळते. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो, म्हणजे आपले ओटीपी परक्याच्या खिशात. म्हणून रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये आठवणीसह हवी. ट्रायच्या डिसेंबर २०२४च्या निर्णयामुळे फक्त कॉल-एसएमएसचे, ३६५ दिवसांपर्यंत मुदतीचे रिचार्ज देता येऊ लागले. त्यातला एखादा या कामाला पुरतो. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं, आणि त्या सिमचा डेटा मात्र बंदच ठेवावा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२च्या १४ क्रमांकापासून सिमची खाचच नाही, हे पुष्कळांना नवा फोन विकत घेतल्यावर कळतं. तसा बेत असेल तर ई-सिमचं काम गावीच उरकावं.

“एवढी यातायात कशाला? सिम भावाच्या फोनमध्ये टाकू, ओटीपी आला की तो सांगेल,” हा तोडगा घरोघर सुचतो. सोपा आहे, पण ओटीपी कुणालाही सांगू नये ही बँकेची पहिली सूचनाच त्यात मोडते. शिवाय भाऊ उसाला पाणी द्यायला गेलेला आणि फोन घरात चार्जिंगला, असं झालं की व्यवहार अडला. मुळात अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं. आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा ठरावीक देशांतल्या नंबरांवर एनआरई-एनआरओ खात्याचं यूपीआय चालवायला २०२३मध्ये परवानगी मिळाली. आपली बँक ते देते का, एवढं विचारून घ्यावं. खतवाल्याची उधारी मग न्यू जर्सीतूनही फिटते, भावाला मध्ये न घालता.

दुसऱ्या फोनकडे सहसा कुणी बघत नाही, आणि खरी मेहनत तिथेच हवी. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या उतरवता येतो. पण ई-पीक पाहणीचा फोटो गटात उभं राहूनच काढावा लागतो. तो लंडनहून निघत नाही. ते काम कुणाचं हे जाण्याआधी ठरावं, आणि त्या माणसाने एकदा स्वतःच्या हाताने करून बघावं. आपण करून दाखवलं म्हणजे त्यांना आलं असं होत नाही. अकोले तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात रेंज येते-जाते. तिथे व्हिडिओ कॉलच्या हट्टापेक्षा व्हॉइस मेसेज बरा. रेंज आली की तो पोचतो, आणि आईला टाइप करावं लागत नाही. दुबईला जाणाऱ्यांनी ही सवय लावूनच निघावं, कारण अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज चालतात, कॉलवर निर्बंध आहेत. फसवणुकीचाही विचार याच फोनपासून सुरू होतो. “तुमच्या मुलाला पकडलंय, पैसे पाठवा” असा फोन आला तर विचारायचा एक खुणेचा शब्द घरात ठरलेला असावा, आणि सायबर तक्रारीचा १९३० हा नंबर नावानिशी साठवलेला.

गावाशी इतका धागा ठेवला तर नव्या देशात जीव कसा रमेल, ही शंका रास्त आहे. दिवसभर गावच्या ग्रुपमध्ये डोकं घालून बसणाऱ्याला शेजाऱ्याचं नावही ठाऊक नसतं, हे खरंच. पण धागा तोडण्याऐवजी त्याला वेळ बांधून देता येते. फोनवर दुसरं घड्याळ भारताचं लावावं. ब्रिटन उन्हाळ्यात साडेचार तास मागे असतो, हिवाळ्यात साडेपाच. हा बदल आई-वडिलांनाही आधी सांगून ठेवावा. संध्याकाळच्या धारा काढून दूध डेअरीवर गेलं की गावचं घर मोकळं होतं. तेव्हा लंडनमध्ये दुपार असते, जेवणाची सुट्टी. तीच वेळ धरावी आणि बाकीच्या वेळात गावच्या ग्रुपची घंटी बंद.