भागानें बांधकामास दिलेली जमीन आणि मालकाची जबाबदारी

शहरांच्या हद्दी वाढत वाढत गांवांच्या शिवेला येऊन भिडल्या, त्यामुळें हमरस्त्यालगतच्या जमिनींत पिकाऐवजीं इमारत उभी करण्याचा मोह पुष्कळ खातेदारांस पडूं लागला आहे. रोख किंमत घेऊन जमीन विकण्यापेक्षां ती बिल्डरास बांधकामाकरितां द्यावी, आणि मोबदल्यांत तयार सदनिकांचा अथवा विक्रीच्या रकमेचा हिस्सा घ्यावा, हा व्यवहार विशेष पसंत पडतो. त्यांत लाभ आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु बिल्डर मध्येंच बसला, तर घरें घेणाऱ्यांचें देणें कोणीं द्यावयाचें, याचा विचार सही करण्यापूर्वीं फार थोडे करितात. तोच येथें क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

जमीन माझी, बांधकाम त्याचें. पैसे त्यानें घेतले, तर जाबही त्यानेंच द्यावा, अशी सामान्य समजूत असते. कायद्याची दृष्टि निराळी आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम सन २०१६ मध्यें झाला व १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आला. त्यांत ‘प्रवर्तक’ अशी संज्ञा आहे. स्वतः बांधणारा तर प्रवर्तक होयच. दुसऱ्याकडून बांधवून घेणाराही प्रवर्तकच होय. शिवाय बांधणारा एक व विकणारा दुसरा असेल, तर दोघेही प्रवर्तक समजावे आणि दोघांवर संयुक्त जबाबदारी असावी, असा खुलासा व्याख्येखालींच दिला आहे. महाराष्ट्रांत या कायद्याचा अंमल करणारें प्राधिकरण, ज्यास लोक महारेरा म्हणतात, तें क्षेत्राचा वा उत्पन्नाचा हिस्सा घेणाऱ्या मालकाची गणना प्रवर्तकांतच करितें. सारांश, हिस्सा पत्करला कीं मालक हा नुसता मालक राहत नाहीं; घर घेणाऱ्याच्या दृष्टीनें तो बिल्डराचा जोडीदार ठरतो.

आतां जबाबदारी कोणती, तें पाहूं. ठरल्या तारखेस ताबा मिळाला नाहीं, तर घेणाऱ्यास भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत मागतां येते; अथवा घर कायम ठेवून विलंबाबद्दल दरमहा व्याज घेतां येतें. ताब्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांत दोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. जमिनीच्या मालकीहक्कांत दोष निघून नुकसान झालें, तर भरपाई द्यावी लागते, व त्या दाव्यास मुदतीची आडकाठी नाहीं. बहिणीचा हिस्सा सोडवून घेतलेला नाहीं, वारसाची नोंद राहिली आहे, कुळाचा वाद मिटलेला नाहीं, हे दोष बिल्डराचे नसून आपल्याच दप्तरांतले असतात, हें लक्षांत ठेवावें.

उदाहरणार्थ, बारा जणांनीं बिल्डराच्या हिश्शांतील सदनिकांबद्दल प्रत्येकीं २० लाख रुपये बिल्डरास दिले व काम थांबलें, असें समजा. मुद्दल २ कोटी ४० लाख झालें. सोयीसाठीं व्याज दहा टक्के धरिलें, तर वर्षाचे २४ लाख, तीन वर्षांचे ७२ लाख. एकूण ३ कोटी १२ लाख. यांतला एक पैसाही मालकाच्या हातीं आला नाहीं; तथापि हुकूम दोघांवर संयुक्त झाला, तर वसुली ज्याच्याजवळ मालमत्ता सांपडेल त्याजकडून होते. सन २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें ठरविलें कीं, प्रवर्तक एकाहून अधिक असतां, खरेदीदाराचा पैसा आपणांस पोंचला नाहीं, एवढ्यावरून कोणाही प्रवर्तकास परतफेडींतून सुटतां येत नाहीं.

वसुलीची रीत खातेदारांस परिचित आहे. ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होते. आणि व्याजच नव्हे, तर मुद्दलही त्याच रीतीनें वसूल करितां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें सन २०२१ मध्यें दिला. म्हणजे मागणीची नोटीस, जप्ती व लिलाव. बिल्डराची कंपनी कागदावर असते, मालकाची जमीन सातबाऱ्यावर असते. जी बागाईत त्या प्रकल्पांत कधींच नव्हती, तीही यामुळें धोक्यांत येऊं शकते. अपिलास साठ दिवसांची मुदत आहे खरी. परंतु प्रवर्तकानें अपील केल्यास घेणाऱ्यास देय ठरलेली सर्व रक्कम आधीं भरावी लागते, त्याशिवाय अपिलाची सुनावणी होत नाहीं.

दुसरा फांस कुलमुखत्यारपत्राचा. मुखत्यारानें अधिकाराच्या मर्यादेंत केलेलें कृत्य मालकानेंच केलें, असें सन १८७२ चा करार कायदा मानतो. मागाहून मुखत्यारपत्र रद्द केलें, तरी तोंपर्यंत झालेले करार रद्द होत नाहींत. आणि तिऱ्हाइतांपुरती रद्दबातल त्यांस ती कळल्यापासूनच लागू होते.

‘सर्व जोखीम बिल्डराची’ असें कलम करारांत असतें, तें निरुपयोगी नाहीं. पण तें मालक व बिल्डर या दोघांपुरतें. त्यावरून भरलेली रक्कम बिल्डराकडून मागतां येईल; घर घेणाऱ्यास तें दाखवून, या कायद्याखालीं, परत पाठवितां येणार नाहीं. ग्राहक आयोगापुढें मात्र कोणीं काय पत्करलें, हें कागदांच्या शब्दांवरून पुष्कळ ठरतें. म्हणून प्रत्येक शब्द वाचावा. मालकास बिल्डराविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागतां येते, हेंही सर्वोच्च न्यायालयानें सन २००८ मध्यें मान्य केलें आहे.

हें मालकावर अन्यायाचें आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. घर घेणारा बहुधा आपल्यासारख्याच कुटुंबांतला, शहरांत नोकरी करणारा मुलगा असतो. सातबाऱ्यावरील जुन्या घराण्याचें नांव पाहून तो विश्वासानें पैसे देतो. त्या विश्वासाचा लाभ हिश्शाच्या रूपानें आपण घेतों, तेव्हां त्याचा भारही आपणांवर येणें युक्तच आहे.

म्हणून पुढील गोष्टी कराव्या. जोखीम नको असेल, तर हिश्श्याचा मोह सोडून पूर्ण किंमत हातीं घ्यावी व नोंदलेलें खरेदीखत करून मोकळें व्हावें. हिस्साच घेणें असेल, तर बिल्डराचीं पूर्वीचीं कामें स्वतः पाहावीं, आणि भरपाईच्या कलमास बँकेची हमी व संचालकांचें वैयक्तिक जामीनपत्र जोडून घ्यावें. मुखत्यारपत्र मर्यादित असावें. तारण ठेवण्याचा अधिकार त्यांत नसावा, व विक्रीचा अधिकार बिल्डराच्या हिश्शापुरता आणि कामाच्या प्रगतीप्रमाणें टप्प्याटप्प्यानें द्यावा. घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकीं ७० टक्के स्वतंत्र बँक खात्यांत ठेवून तें बांधकाम व जमिनीच्या खर्चासच लावावें, असा नियम आहे; त्या खात्याचा उतारा व प्रत्येक विक्री कराराची नक्कल मागण्याचा हक्क करारांतच लिहून घ्यावा. महारेराच्या संकेतस्थळावर कामाची प्रगति दर तिमाहीस पाहावी. आणि नोटीस आल्यास बिल्डर पाहून घेईल म्हणून ती बाजूस ठेवूं नये. स्वतः हजर राहून आपलें म्हणणें मुदतींत मांडावें.

जमीन वर्षानुवर्षें राखली, ती एका सहीनें जोखमींत घालण्यापूर्वीं कराराचा मसुदा स्वतःच्या वकिलास, बिल्डराच्या नव्हे, दाखवावा, एवढी आमची सर्व खातेदार बंधूंस आग्रहाची विनंति आहे.